माणसाचे उजवे

त्या काळात माझं मराठी कानात होतं, तोंडात नव्हतं. आई मराठीत ओरडायची, मी इंग्रजीत उलटून बोलायची, आणि आमचं भांडण तरीही अगदी व्यवस्थित पार पडायचं. "अगं भवाने, निदान भांडताना तरी आईच्या भाषेत भांड," ती म्हणायची, आणि मी 'व्हॉटेव्हर' म्हणून दार आपटायची. आखातातल्या आमच्या अल हिलालच्या घराची दारं त्या आपटण्यानं खिळखिळी झाली होती. घर म्हणजे एका जुन्या व्हिलाचा वरचा मजला, मालकानं मध्ये प्लायवूडच्या भिंती घालून तीन बिऱ्हाडांना वाटलेला. पलीकडच्या श्रीलंकन बाईनं कांदा परतला की आमच्या डोळ्यांत पाणी. खिडकीतला ए.सी. दिवसरात्र घरघरायचा आणि तो बंद पडला की आम्ही सगळे एकदम बोलायचे थांबायचो, घरातलं कुणीतरी गेल्यासारखे. बाबा मेसईदला खताच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. पहाटे कंपनीच्या बसनं जायचे, संध्याकाळी यायचे ते अंगाला अमोनियाचा बारीक वास घेऊन. सेफ्टी त्यांच्या हाडात मुरली होती. आई माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली की हे खाली स्टूल धरून उभे. "पडले तर पडू दे की एकदाचं," ती वैतागायची, पण खाली उतरेपर्यंत त्यांचा हात सुटायचा नाही.

सुट्टीचा वार शुक्रवार. शुक्रवारी दुपारच्या नमाजाची बांग संपता संपता जिन्यात चपला वाजायच्या आणि सर्जेराव काका यायचे. ते आमचे नात्यातले कुणी नव्हेत. कराडकडचे, बाबांच्या गावापासून दोन कोसांवरचे, आणि एवढं नातं त्या देशात पुरेसं होतं. बायकापोरं गावाकडे, हे इथं खोलीवर आठजणांत राहायचे आणि आमच्याच शाळेची बस चालवायचे. येताना हातात गरम खुबूस रोट्यांची पिशवी आणि जर्जीरच्या हिरव्यागार पाल्याची जुडी. आई दोन दिवस आधीपासून बेत ठरवायची. गावाहून सुटकेसमधून आलेलं ज्वारीचं पीठ ती इतर दिवशी आम्हाला दाखवायचीसुद्धा नाही, ते शुक्रवारी बाहेर निघायचं. भाकरी, बांगड्याचं कालवण, ठेचा. काका पहिला घास घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वहिनी, निम्मा हप्ता ह्या भाकरीवर ढकलतुया बघा." मला वाटायचं, किती हा ड्रामा. चौदाव्या वर्षी सगळ्यांचाच ड्रामा वाटतो, आपला सोडून.

शाळेत आम्हाला समाजशास्त्र शिकवायच्या शीबा टीचर. कोळिकोडच्या, बारीक अंगाच्या, कॉटनच्या साडीवर सदैव खडूची पावडर. नवरा गावाकडे आजारी, मुलगा आमच्याच शाळेत सहावीत, आणि घर चालायचं ते त्यांच्या एकट्या नोकरीवर. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की मुलाची शाळा गेली, हे आम्हा मुलांनाही न सांगता कळायचं. तिथं वाढलेल्या प्रत्येक पोराला आपलं घर कुणाच्या सहीवर उभं आहे ते ठाऊक असतं. मानवी हक्कांचा धडा आला तेव्हा बाकीच्या तुकड्यांत टीचर लोकांनी प्रश्नोत्तरं लिहून दिली आणि खलास. शीबा टीचरनी पुस्तकं मिटायला लावली आणि सगळ्यांना खिडकीशी उभं केलं. खाली बसचं आवार. "काय दिसतं?" त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं, बस. कुणी म्हणालं, नऊ नंबरच्या टायरात हवा कमी आहे. टीचरनी पुन्हा खाली बोट दाखवलं. मग हळूहळू दिसलं की प्रत्येक बसच्या सावलीत, जवळजवळ चाकांखालीच, पुठ्ठा अंथरून माणसं आडवी झाली आहेत. लहान वर्गांची मुलं अकराला सुटत, त्यामुळे ड्रायव्हरांना मधल्या वेळात खोलीवर जाता यायचं नाही. मे महिना होता. त्या आवारातल्या लोखंडी खांबाला चुकून हात लागला तर आम्ही किंचाळायचो.

आम्हाला भलताच पुळका आला. दुसऱ्याच दिवशी वर्गानं ठरवलं, ड्रायव्हरांना गार पाणी द्यायचं. कुणी बर्फाची मोठी पेटी आणली, कुणी बाटल्यांचे खोके आणले, मी पोस्टर रंगवलं. प्रिन्सिपॉल सरांना ही कल्पना फार आवडली. ते स्वतः खाली आले, बाटली देतानाचा फोटो काढून घेतला, 'व्हेरी गुड सिटिझन्स' म्हणाले. ड्रायव्हर लोकांनी दोन्ही हातांनी बाटल्या घेतल्या, शुक्रिया, शुक्रन, थँक्यू बेटा. आठवडाभर आम्ही जमिनीवर चालतच नव्हतो. फक्त एक गोष्ट विचित्र होती. घरी जाताना राउंडअबाउटवर बस वळली की सीटखालून गडगड आवाज यायचा. मी वाकून पाहिलं तर बाटल्या. सीलबंद, एकही उघडलेली नाही. त्या कोमट होऊन डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे लोळत होत्या.

मी टीचरना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाणी हवंय का, असं त्यांना विचारलं होतं कुणी?" उन्हात माणसाला पाणी हवंय का हे काय विचारायचं? तरी टीचरनी गृहपाठ दिला, ज्याची जी भाषा असेल त्या भाषेतल्या ड्रायव्हरला विचारून या, राइट म्हणजे तुमच्या दृष्टीनं काय, आणि इथं तुम्हाला कोणता मिळत नाही. मल्याळी मुलांना मल्याळी ड्रायव्हर, हिंदीवाल्यांना हिंदीवाले. मराठी मुलगी मी एकटी आणि मराठी ड्रायव्हर सर्जेराव काका एकटे.

शुक्रवारी जेवणं चालली असताना मी घसा खाकरून उभी राहिले. मनात वाक्य जुळवलं होतं. "काका, माणसाचे उजवे काय असतात? तुमचे कुठले उजवे तुम्हाला मिळत नाहीत?"

बाबांना ठसका लागला. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. काका बिचारे गंभीरपणे विचार करत राहिले आणि म्हणाले, "आता गं काय सांगू पोरी? हितं स्टेअरिंगच डाव्या अंगाला. उजवं कुठनं आणू?" मग मात्र सगळ्यांनी हसून घर डोक्यावर घेतलं. मी रागानं लाल. आईनं डोळे पुसत सांगितलं, "अगं ते राइट वेगळं. ह्याला हक्क म्हणतात. हक्क!" मी विचारलं, हक्क म्हणजे काय. आईनं क्षणभर विचार केला. पुस्तकी बाई नव्हती ती. म्हणाली, "हे बघ, भावजी येतात आणि न विचारता आपला फ्रीज उघडून पाणी घेतात ना? तसं. परवानगी मागायची नाही, उपकार मानायचे नाहीत."

"मग ते पाणी का घेत नाहीत?" मी इंग्रजीत विचारलं. बाबांनी काकांना मराठीत सांगितलं. आणि हसणारे काका एकदम ताटाकडे बघायला लागले. म्हणाले, "कशाला ते, जाऊ द्या." पण माझ्या आईसमोर 'जाऊ द्या' म्हणणं म्हणजे बैलाला लाल फडकं दाखवणं. गेले दोन शुक्रवार ती काकांना हुलग्याचं माडगं पाजत होती, त्यांना मुतखड्याचा त्रास होता म्हणून. दुकानातल्या मल्याळी पोराला हुलगे समजेनात, शेवटी त्यांचं मल्याळी नाव मुथिरा निघालं आणि आई किलोभर घेऊन आली होती. तिनं भाकरी थापायची थांबवली. "भावजी, खडा झालाय आणि तुम्ही पाणी पीत नाही? डॉक्टरनं काय सांगितलं होतं? खरं काय ते सांगा, नाहीतर आज ताटावरून उठू देणार नाही." काका माझ्याकडे बघेनात. खालच्या आवाजात बाबांना म्हणाले, "साहेब, पाणी पिऊन करायचं काय? संडास आत हाय. आत पोरीबाळी, म्हणून आम्हाला गेटाच्या आत सोडत न्हाईत. पेट्रोलपंपावरचा लई लांब, आन गाडी सोडली तर सुपरवायझर कावतो. सकाळपास्नं घसा वला करायचा नुसता. समदेच करत्यात तसं."

मी त्या बाटल्या किती अभिमानानं वाटल्या होत्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं काकांच्या वाटीत आणखी माडगं ओतलं. बाबा हात धुवायला उठले ते बराच वेळ परत आले नाहीत.

बाकीच्या मुलांनीही तेच ऐकून आणलं, चार भाषांत एकच उत्तर. स्टेजच्या मागे, आवाराच्या दारालगत एक संडास होता, बाहेरून उघडणारा, स्पोर्ट्स डेच्या सामानानं भरून कुलूप लावलेला. तो उघडा म्हणून आम्ही प्रिन्सिपॉलकडे गेलो. टीचर सोबत आल्या नाहीत. "तुमची मागणी आहे, तुम्ही मागा," एवढंच म्हणाल्या. सरांनी ऐकून घेतलं, घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "इन्शाल्ला." अरब माणूस इन्शाल्ला म्हणतो तेव्हा त्यात देव असतो. आपला माणूस म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ, विसरा. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा इन्शाल्ला. काकांच्या एकदा बसमध्येच पोटात दुखून आलं, स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसले होते, मागून गाड्यांचे हॉर्न.

सकाळच्या असेंब्लीत सुविचार सांगायची पाळी त्या आठवड्यात आमच्या वर्गाची होती. मी लिहिलं. टीचरना दाखवलं तेव्हा त्यांनी दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं, कागद परत दिला आणि विचारलं, "ड्रायव्हरना माहीत आहे, तू हे बोलणार आहेस?" मी काकांना विचारून आले होते. ते म्हणाले होते, "आमचं नाव घिऊ नगंस. बाकी बोल की." मग मी बोलले. नेमके त्या दिवशी शाळेच्या कमिटीचे दोन पाहुणे पहिल्या रांगेत. आजचा सुविचार म्हणून मी सांगितलं की आमच्या शाळेत अशी माणसं आहेत जी तहान लागू नये म्हणून देवाची प्रार्थना करतात, कारण त्यांच्यासाठी टॉयलेट नाही. 'टॉयलेट' या शब्दाला लहान मुलं खिदळली, आणि लगेच गप्प झाली. मी पुढे म्हणाले, टॉयलेट आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली ऑफिसात आहे. एवढंच. थँक्यू, गुड मॉर्निंग.

आजकाल शाळांत मानवी हक्कांचे रंगीत प्रोजेक्ट असतात, थर्मोकोलवर. मला बोलावतात कधीकधी परीक्षक म्हणून. आता माझं वय टीचरच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे. मुलं घडाघडा कलमं म्हणून दाखवतात, मी बक्षीस देते आणि हळूच विचारते, तुमच्या शाळेतल्या झाडूवाल्या मावशी डबा कुठं बसून खातात? बहुतेकांना माहीत नसतं. एखादीला माहीत असतं. तिला मी बक्षीस देत नाही, तिचं नाव मात्र विचारून ठेवते.

असेंब्लीच्या दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावलं. आदल्या रात्री घरात रण माजलं होतं. "आपण इथं पाहुणे आहोत," बाबा म्हणाले, "पाहुण्यानं यजमानाच्या स्वयंपाकघरात शिरू नये." आई म्हणाली, "शाळा काय यजमानाची आहे? आपल्याच लोकांनी काढलेली." "नाव कमी केलं तर दुसरीकडे सीट मिळते का सांग. गावाला पाठवावं लागेल हिला, आणि तुलाही." मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू.

प्रिन्सिपॉल सर सभ्यपणे बोलले. चहा मागवला. म्हणाले, मुलगी हुशार आहे, तिचं नुकसान आम्हाला करायचं नाही. तिनं फक्त एवढं सांगावं की भाषण टीचरनी लिहून दिलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणी लिहिलं?" मराठीत विचारलं. "मी," मी म्हटलं. बाबांनी चहाचा कप बशीत ठेवला. मला वाटलं आता माफी मागतील. ते म्हणाले, "सर, मी सेफ्टीचा माणूस. हक्काबिक्काचं मला कळत नाही. आमच्या प्लांटमध्ये पाणी न पिता कुणी मे महिन्यात फोर्कलिफ्टवर बसला तर मी त्याला खाली उतरवतो. फोर्कलिफ्टवर खताची पोती असतात. तुमच्या बसमध्ये काय असतं?" बाबा पुढे म्हणाले, "ड्रायव्हरला चक्कर आली तर कमिटी विचारेल, तुम्हाला माहीत होतं का. कालपासून सगळ्या शाळेला माहीत आहे." इतक्या शांतपणे म्हणाले की ती धमकी होती हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं. माझे बाबा! स्टूल धरून उभे राहणारे!

रविवारी कुलूप निघालं. स्पोर्ट्सचं सामान हलवलं, नळ दुरुस्त झाला, दारावर पाटी लागली. 'विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी' असं सूचनेत लिहिलं होतं, ड्रायव्हर हा शब्द कुठं नव्हता. नसू दे. सर्जेराव काकांनी त्या दुपारी आईला फोन करून सांगितलं, "वहिनी, आज पोटभर प्यालो."

पण सरांच्या मनात शिस्तीचा मुद्दा राहिलाच होता. कोऑर्डिनेटरची मुलगी आमच्याच वर्गात. तिनं सांगितलं की पुढच्या वर्षाच्या कराराच्या सह्या चालल्यात आणि शीबा टीचरचा बाजूला ठेवलाय. त्यांना एकच करायचंय, वर्गासमोर उभं राहून सांगायचं की असेंब्लीत असं बोलणं चूक होतं. एक वाक्य. सर स्वतः येऊन ऐकणार. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्यापैकी प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की टीचरनी ते बोलून टाकावं. काय जातंय? आम्हाला खरं काय ते माहीत आहे ना! मी तर मधल्या सुट्टीत स्टाफ रूमच्या दारात जाऊन त्यांना सांगितलं, "टीचर, प्लीज बोला, आम्हाला वाईट वाटणार नाही." त्यांनी माझ्या गालावर खडूचा हात फिरवला आणि मुलाचा डबा द्यायला निघून गेल्या.

तिसऱ्या तासाला सर आले आणि मागच्या भिंतीशी हात मागे बांधून उभे राहिले. टीचर फळ्यासमोर. म्हणाल्या, "मला तुम्हाला सांगायचंय की तुमची चूक झाली." मी श्वास सोडला. सगळ्या वर्गानं सोडला. मागे सरांनी मान हलवली आणि ते दाराकडे वळले. टीचर थांबल्या नाहीत. "माणसांना विचारायच्या आधी तुम्ही त्यांना पाणी वाटलंत. ती चूक होती. पुन्हा करू नका. त्यानंतर तुम्ही जे केलंत ते बरोबर होतं." सर दारात थबकले. टीचरनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, पहिल्या बाकापासून शेवटपर्यंत. मग पुस्तक उघडलं आणि पुढचा धडा सुरू केला. फळ्यावरची अक्षरं तिरकी येत होती, आणि आम्ही ती तशीच उतरवून घेत होतो.

घरी जाताना बसमध्येच कळलं. करार गेला. वार्षिक सुट्टी लागली की टीचर मुलाला घेऊन कोळिकोडला परत.

मी जिना चढून घरात शिरले. आई ओट्याशी होती, कुकरची शिट्टी होत होती. मला दार आपटायचंही सुचलं नाही. "काय गं?" ती वळून म्हणाली, "तोंड का एवढंसं झालंय?"

"आई, टीचरना काढलं गं," मी म्हणाले. आईचा हात गॅसवर थांबला. मी मराठीत बोलले होते, आणि ते माझ्या आधी तिच्या लक्षात आलं. मी हुंदके देत सगळं सांगत होते, मोडकंतोडकं, क्रियापदं इकडची तिकडे. टीचरना एकच वाक्य बोलायचं होतं. एकच. बोलल्या असत्या तर राहिल्या असत्या.

आईनं मला जवळ ओढलं. तिलाही ते समजत नव्हतं, तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "पोरगं आहे पदरात, नवरा आजारी," ती म्हणाली. "एवढं एक वाक्य, का नाही गं बोलल्या?"

"आम्ही ऐकत होतो ना," मी म्हणाले.